छोटे संगीत सभागृह आणि त्याभोवतीची बहुउपयोगी इमारत

तीनशे ते सहाशे आसनांचे संगीत सभागृह तिकीटविक्रीवर क्वचितच तगते. कलाकारांचे मानधन, वीज, देखभाल आणि कर्मचारी यांचा खर्च मोठ्या सभागृहाइतक्याच नेटाने वाढत जातो, पण विकायची तिकिटे मात्र मोजकीच असतात. शहराच्या मध्यवस्तीत जमिनीचा भाव पाहता एवढे सभागृह एकट्याने उभे करणे बहुतेक संस्थांच्या आवाक्याबाहेरचे आहे. त्यामुळे सभागृह एखाद्या मोठ्या इमारतीच्या पोटात ठेवायचे आणि भोवतीची कार्यालये, दुकाने, हॉटेल किंवा घरे यांच्या उत्पन्नावर ते चालवायचे, हा मार्ग गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत अनेक शहरांनी निवडला. या मार्गात दोन प्रश्न कायम आड येतात. चहूबाजूंनी वर्दळ असलेल्या इमारतीत शांतता कशी राखायची, हा पहिला. सभागृहासाठी घेतलेली जागा पुढच्या पिढीतही सभागृहच कशी राहील, हा दुसरा.

पूर्वपीठिका

या प्रकारातले सर्वांत गाजलेले आरंभीचे उदाहरण शिकागोतील ऑडिटोरियम बिल्डिंग हे आहे. डँकमार अॅडलर आणि लुई सलिव्हन यांनी १८८९ मध्ये पूर्ण केलेल्या या इमारतीत सुमारे ४,२०० आसनांच्या प्रेक्षागृहाभोवती हॉटेल आणि कार्यालये गुंफलेली होती. प्रेक्षागृहाचा तोटा बाकीच्या भागाच्या भाड्यातून भरून निघावा, असा हेतू होता. न्यूयॉर्कच्या १८९१ च्या कार्नेगी हॉलवरही पुढील काही वर्षांत कलावंतांच्या स्टुडिओंचे मजले चढले आणि त्यांचे भाडे संस्थेला मिळू लागले.

छोट्या सभागृहाचा इतिहास लंडनच्या विगमोर हॉलपासून सांगता येतो. बेखश्टाइन या जर्मन पियानो कंपनीने १९०१ मध्ये विगमोर स्ट्रीटवरील आपल्या विक्रीदालनाशेजारी तो बांधला. वास्तुकार होते टॉमस कॉलकट आणि आसने होती साधारण साडेपाचशे. पियानो विकणे, तो वाजवून दाखवणे आणि मैफली भरवणे ही कामे एकाच जागेत होत आणि एकमेकांना पूरक ठरत.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या कल्पनेला सर्वाधिक बळ टोकियोने दिले. १९८६ चा सनटोरी हॉल आर्क हिल्स या कार्यालये, हॉटेल आणि घरे असलेल्या संकुलाचा भाग आहे. त्याचे मुख्य सभागृह दोन हजार आसनांचे असले, तरी त्यानंतर शहरात छोट्या सभागृहांची रांगच लागली. गिन्झामध्ये ओजी पेपर कंपनीच्या इमारतीत ३१५ आसनांचा ओजी हॉल १९९२ मध्ये सुरू झाला. तोप्पान या मुद्रण कंपनीच्या इमारतीतील ४०८ आसनांचा हॉल २००० मध्ये आला, तर ३०० आसनांचा हाकुजू हॉल २००३ मध्ये त्याच नावाच्या कंपनीच्या इमारतीत सातव्या मजल्यावर उघडला. तिन्ही ठिकाणी कंपनीची कचेरी आणि मैफलीची जागा एकाच छपराखाली आहेत.

युरोपात लंडनचे किंग्ज प्लेस (२००८) आणि मिल्टन कोर्ट (२०१३) ही या प्रकाराची अलीकडची महत्त्वाची उदाहरणे. हॅम्बर्गच्या एल्बफिलहार्मोनीत (२०१७) जुन्या गोदामात आणि त्याच्या माथ्यावर २,१०० आसनांचे मोठे आणि ५५० आसनांचे छोटे सभागृह, २४४ खोल्यांचे हॉटेल, निवासी सदनिका आणि वाहनतळ असा सगळा पसारा एकत्र आहे.

पैशाचे गणित

अशा इमारतीचा खर्च भागवण्याच्या तीन पद्धती दिसतात. पहिल्या पद्धतीत विकासक स्वतः सभागृह बांधतो आणि वरची कार्यालये भाड्याने देतो. किंग्ज प्लेस हे त्याचे स्वच्छ उदाहरण. पीटर मिलिकन यांच्या कंपनीने किंग्ज क्रॉस स्थानकाजवळ, कालव्याकाठी डिक्सन जोन्स या वास्तुकारांकडून ही इमारत बांधून घेतली. वरच्या मजल्यांवर ‘द गार्डियन’ वृत्तपत्राची कचेरी आली आणि तळघरात ४२० आसनांचे मुख्य सभागृह व त्याहून लहान दुसरे सभागृह बांधले गेले. त्यासाठी सरकारी अनुदान घेतलेले नाही.

दुसऱ्या पद्धतीत सार्वजनिक संस्था जमीन किंवा बांधकामाचे हक्क देते आणि मोबदल्यात सभागृह बांधून घेते. मिल्टन कोर्टमध्ये गिल्डहॉल संगीत विद्यालयाला ६०८ आसनांचे सभागृह आणि दोन नाट्यगृहे मिळाली, तर विकासकाला त्याच जागेवर ३६ मजली निवासी मनोरा उभारता आला. भारतात वाढीव चटई क्षेत्राच्या बदल्यात सार्वजनिक सुविधा बांधून घेण्याची पद्धत आहे. तिचा सूर याच व्यवहाराशी जुळतो.

तिसऱ्या पद्धतीत सगळा भार सरकार उचलते आणि हॉटेल, घरे यांच्या विक्रीतून थोडी भरपाई होईल अशी आशा धरते. यातली जोखीम एल्बफिलहार्मोनीने दाखवली. हॅम्बर्ग शहराचा वाटा सुरुवातीला ७ कोटी ७० लाख युरो असेल असे सांगितले गेले होते. प्रत्यक्षात तो ७८ कोटी ९० लाखांवर गेला. आराखडा पुरता पक्का होण्याआधी काम सुरू करणे आणि कामे चालू असताना त्यात बदल करत राहणे, ही या वाढीची प्रमुख कारणे होती.

सभागृह खाली, मध्ये की वर

चारशे आसनांच्या आयताकृती सभागृहाची आतली मापे साधारण १३ मीटर रुंद, २५ मीटर लांब आणि ११ मीटर उंच अशी निघतात. एवढ्या जागेत मध्ये एकही खांब चालत नाही. कार्यालयांचे आणि वाहनतळाचे खांब मात्र साधारण ८ मीटरच्या अंतरावर येतात, आणि सभागृहाची उंची कार्यालयाच्या तीन मजल्यांएवढी असते. ही दोन मापे एकमेकांत कशी बसवायची, यावर अख्खी इमारत ठरते.

सभागृह तळघरात ठेवले तर वरचे मजले मोकळे राहतात, रस्त्यावरचा आवाज मातीच अडवते आणि दुकानांसाठी रस्त्यालगतची जागा उरते. पण वरच्या खांबांचा भार सभागृहाच्या छतावरून बाजूला वळवण्यासाठी खोल तुळया किंवा पोलादी कैच्या लागतात. पाणी झिरपू नये म्हणून करावा लागणारा बंदोबस्त वेगळाच, आणि जवळ भुयारी रेल्वे असेल तर कंपने थेट येऊन भिडतात. कार्नेगी हॉलच्या तळघरात २००३ मध्ये झालेला ५९९ आसनांचा झँकेल हॉल भुयारी मार्गाच्या इतके जवळ आहे की, बंदोबस्त करूनही गाडीची घरघर अधूनमधून ऐकू येते.

सभागृह सर्वांत वर ठेवले तर त्याच्या माथ्यावर इमारतीचा भार नसतो. लांब पल्ल्याचे छत हलके आणि स्वस्त होते, रेल्वेपासूनही अंतर पडते. मात्र शेकडो श्रोत्यांना वर नेणे आणि संकटकाळी खाली उतरवणे अवघड होते. गच्चीवरचे शीतकरण टॉवर आणि पंपही शेजारी येतात. मधल्या मजल्यांवर सभागृह ठेवणे सर्वांत खर्चिक, कारण तिथे वरून भार असतो आणि खालीही वापर चालू असतो. न्यूयॉर्कमधील कोलंबस सर्कल येथील टोलेजंग इमारतीत जॅझ अॅट लिंकन सेंटरने २००४ मध्ये पाचव्या मजल्याच्या पातळीवर आपली सभागृहे उघडली. तिथे सभागृहाची पेटी इमारतीच्या सांगाड्यापासून अलग करावी लागली.

यांपैकी एकच जागा सर्वत्र योग्य ठरत नाही. भुयारी रेल्वे दूर असेल आणि भूजल खोल असेल तर तळघर, आणि इमारत चार-पाच मजल्यांचीच असेल तर वरचा मजला, असा साधारण कौल देता येतो.

पेटीत पेटी

मैफलीच्या सभागृहात रिकाम्या वेळचा आवाज अतिशय कमी असावा लागतो. ध्वनितज्ज्ञ त्यासाठी ‘एन.आर. १५’ ही पातळी गाठायचा प्रयत्न करतात. साध्या कार्यालयात ‘एन.आर. ३५’ ते ‘४०’ चालते. बिनमाइकच्या मैफलीत तानपुऱ्याची जोडी जुळवली जात असताना, किंवा विलंबित ख्यालाच्या आरंभी गायक मंद्र सप्तकात हलक्या आवाजात स्वर लावत असताना, वातानुकूलन यंत्राची घरघर ऐकू आली तर त्या स्वरांचे बारकावे बुडून जातात.

भिंत जाड केली की काम भागेल, असा सर्वसाधारण समज असतो. हिशेब मांडला की त्याची मर्यादा कळते. एकसंध भिंतीचे वजन दुप्पट केले तर आवाज अडवण्याची तिची क्षमता साधारण ६ डेसिबलने वाढते. गिलावा केलेली नऊ इंची विटांची भिंत सुमारे ५० डेसिबल आवाज अडवते. शेजारच्या उपाहारगृहात बँड वाजत असेल तर ७० डेसिबलहून अधिक अडवणे भाग पडते. हे वाढीव २० डेसिबल नुसत्या वजनातून मिळवायचे तर भिंतीचे वजन दहापट करावे लागेल, म्हणजे भिंत दोन मीटरहून जाड होईल. म्हणून दोन वेगळ्या भिंती, दोन वेगळे स्लॅब, दोन वेगळी छते आणि त्यांच्यामध्ये हवेची पोकळी अशी रचना करतात. आतली पेटी बाहेरच्या पेटीला कुठेही टेकत नाही. ती फक्त रबराच्या गाद्यांवर किंवा पोलादी स्प्रिंगांवर उभी असते.

रबर की स्प्रिंग, हे कंपनांच्या वारंवारतेवरून ठरते. भाराखाली २५ मिलिमीटर दबणाऱ्या स्प्रिंगची स्वाभाविक वारंवारता सुमारे ३ हर्ट्झ असते. रबराची गादी थोडीच दबते आणि तिची वारंवारता १० हर्ट्झच्या आसपास राहते. भुयारी रेल्वेची घरघर मुख्यतः ४० ते ८० हर्ट्झच्या पट्ट्यात असते. दोन्ही आधार ती कमी करतात, पण स्प्रिंग अधिक. एल्बफिलहार्मोनीचे मोठे सभागृह, सुमारे १२,५०० टनांचे, ३६२ स्प्रिंग-संचांवर तोललेले आहे.

अशा पेटीचे यश बांधकामाच्या जागेवरच्या शिस्तीवर अवलंबून असते. पोकळीत पडलेला सिमेंटचा गोळा, शटरिंगची विसरलेली फळी, बाहेरच्या भिंतीतून आत शिरताना घट्ट बसवलेला पाण्याचा पाइप किंवा विजेची नळी, यांतला एखादा दुवाही कंपने आत पोहोचवतो आणि कोट्यवधींचा खर्च निकामी करतो. म्हणून पोकळी बंद होण्याआधी तिचा प्रत्येक मीटर उजेडात तपासायचा आणि प्रत्येक पाइपला लवचीक जोड द्यायचा, हा नियम कंत्राटातच लिहिलेला असावा. पूर्ण झालेल्या इमारतीत ही चूक शोधणे जवळपास अशक्य असते.

निनाद आणि आकारमान

बाहेरचा आवाज अडला की आतल्या आवाजाचा विचार सुरू होतो. हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबाइन यांनी १८९५ पासून केलेल्या प्रयोगांतून निनादकालाचे, म्हणजे आवाज थांबल्यावरही तो किती वेळ घुमत राहतो याचे, सूत्र मांडले. खोलीचे घनफळ ०.१६ ने गुणायचे आणि एकूण ध्वनिशोषणाने भागायचे, की निनादकाल सेकंदांत मिळतो. वर सांगितलेल्या सभागृहाचे घनफळ सुमारे ३,६०० घनमीटर भरते, म्हणजे दर आसनामागे ९ घनमीटर. पाश्चात्त्य चेंबर संगीताला दीड सेकंदाचा निनाद मानवतो. त्यासाठी सुमारे ३८४ चौरस मीटर शोषण लागते. आसनावर बसलेला एक श्रोता साधारण अर्धा चौरस मीटर शोषण करतो, म्हणजे निम्म्याहून अधिक काम श्रोतेच करतात. त्यामुळे आसनांची गादी अशी निवडतात की, खुर्ची रिकामी असतानाही तिचे शोषण फारसे घटू नये.

हिंदुस्थानी संगीताची गरज निराळी आहे. तबल्याचे बोल, सतारीचे झाले आणि तानांची सफाई स्पष्ट ऐकू यायची तर १ ते १.२ सेकंदांचा निनाद बरा. त्याच सभागृहात १.१ सेकंद गाठायचा तर सुमारे १४० चौरस मीटर जास्तीचे शोषण लागेल, म्हणजे भिंतींवर सरकवता येणारे दोनशेहून अधिक चौरस मीटर जाड पडदे. नाटक किंवा व्याख्यान असेल तर आणखी पडदे ओढावे लागतात. पडदे गुंडाळून ठेवायच्या कोनाड्यांसाठी भिंतीलगत जागा पहिल्या नकाशातच राखली, तरच हे जमते.

छताची उंची इथेच सर्वाधिक पणाला लागते. मजले वाचवण्यासाठी विकासक ११ मीटरऐवजी ७ मीटर उंची सुचवतो. तसे केले तर घनफळ एक तृतीयांशाहून अधिक घटते, निनाद आखूड होतो आणि पडदे उघडे ठेवूनही सभागृह कोरडेच राहते. आवाज जास्त घुमत असेल तर तो पडद्यांनी कमी करता येतो. कमी पडलेले घनफळ मात्र नंतर कोणत्याही उपायाने मिळत नाही.

भिंतींचा पृष्ठभागही महत्त्वाचा. समांतर गुळगुळीत भिंती आवाज मागेपुढे उडवत राहतात. उंचवटे आणि खाचा असलेली लाकडी किंवा गिलाव्याची भिंत तो विखुरते. किंग्ज प्लेसच्या मुख्य सभागृहाला जर्मनीतील सुमारे पाचशे वर्षांच्या एकाच ओक वृक्षाचे लाकूड वापरून आतून मढवले आहे. मागे भक्कम थर असला, तरच पातळ लाकूड खर्जाचे स्वर गिळून टाकत नाही.

हवा, वाटा आणि सामान

चारशे श्रोते मिळून सुमारे ४० किलोवॅट उष्णता देतात. त्यांना ताजी हवा पुरवायची तर सेकंदाला ४ घनमीटर हवा आणावी लागते. आवाज होऊ नये म्हणून हवेचा वेग सेकंदाला २ मीटरपर्यंत रोखला, तर वाहिनीचा छेद २ चौरस मीटर होतो. कार्यालयाच्या फॉल्स सीलिंगमध्ये एवढी वाहिनी मावत नाही. म्हणून आसनांखालच्या पोकळीतून मंद गतीने हवा सोडणे आणि यंत्रे सभागृहापासून दूर, वेगळ्या पायावर बसवणे हीच पद्धत सर्वत्र रूढ झाली आहे. कार्यालयाची आणि सभागृहाची यंत्रणा वेगळी ठेवली, तर संध्याकाळी सात वाजता कचेरीचे वातानुकूलन बंद झाले तरी मैफलीला झळ पोहोचत नाही.

वाटांचे तीन प्रवाह वेगळे ठेवावे लागतात : श्रोते, कलाकार आणि सामान. श्रोते अर्ध्या तासात एकदम येतात आणि दहा मिनिटांत एकदम बाहेर पडतात. मध्यंतराच्या पंधरा-वीस मिनिटांत सर्वांना चहा आणि स्वच्छतागृह मिळायला हवे. फॉयर आणि मंचामागच्या खोल्या मिळून प्रत्यक्ष सभागृहाच्या दुपटीहून अधिक क्षेत्र लागते. भाड्याच्या हिशेबात ही जागा फुकट गेलेली वाटते, त्यामुळे कात्री पहिल्यांदा तिच्यावरच चालते.

सामानाचा प्रश्न एका पियानोवरून समजतो. पूर्ण आकाराचा कॉन्सर्ट ग्रँड पियानो २.७४ मीटर लांब आणि साधारण ४८० किलो वजनाचा असतो. कार्यालयाच्या नेहमीच्या लिफ्टमध्ये तो जात नाही. तीन मीटर खोलीची सामानाची लिफ्ट, सरळ आणि रुंद मार्गिका, उंबरठा नसलेले दरवाजे आणि पावसात न भिजता ट्रक रिकामा करता येईल असा धक्का, हे सगळे तळमजल्याच्या नकाशात आधीच आले पाहिजे. दुकानांचा माल आणि सभागृहाचे सामान एकाच धक्क्यावर उतरत असेल तर वेळापत्रक ठरवून द्यावे लागते.

आग आणि सुटका

भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेत (२०१६) सभा-समारंभाच्या इमारतींचा वेगळा गट आहे. मंच आणि कायम आसने असलेली, हजारापर्यंत माणसे सामावणारी सभागृहे त्यात ‘डी-२’ वर्गात येतात. कार्यालये, दुकाने आणि घरे यांचे गट वेगळे. एका इमारतीत अनेक गट आले की प्रत्येकामध्ये आगीला रोखणारी भिंत आणि सभागृहासाठी स्वतंत्र जिने आवश्यक ठरतात.

याचे महत्त्व दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाने सर्वांत दुःखद रीतीने शिकवले. १३ जून १९९७ रोजी तळमजल्याच्या वाहनतळातील ट्रान्सफॉर्मरमुळे आग लागली, धूर वर बाल्कनीत शिरला आणि वाढवलेल्या आसनांमुळे बाहेर पडण्याची वाट अडली. ५९ जणांचा मृत्यू झाला. त्या इमारतीत चित्रपटगृहाबरोबर इतर वापरही होते. ट्रान्सफॉर्मर, जनरेटर आणि वाहनतळ सभागृहाच्या हवेच्या मार्गापासून पूर्णपणे तोडलेले असणे, ही बहुउपयोगी इमारतीतली पहिली अट मानली पाहिजे.

मालकी आणि टिकाव

ध्वनिरचना उत्तम असली तरी सभागृह टिकेलच असे नाही. टोकियोतील कासाल्स हॉल हे त्याचे ठळक उदाहरण. अराता इसोझाकी यांनी एका प्रकाशन संस्थेच्या इमारतीत रचलेले ५११ आसनांचे हे सभागृह १९८७ मध्ये उघडले. चेंबर संगीतासाठी त्याचा लौकिक मोठा होता. पुढे ही मालमत्ता निहोन विद्यापीठाकडे गेली आणि २०१० मध्ये सभागृह बंद झाले. विगमोर हॉलवरही अशी वेळ आली होती. पहिल्या महायुद्धात ‘शत्रूची मालमत्ता’ म्हणून तो जप्त होऊन विकला गेला, पण १९१७ मध्ये नव्या नावाने पुन्हा उघडला आणि आजही चालू आहे.

यावरून दोन गोष्टी निघतात. सभागृह चालवणारी संस्था भाडेवसुलीपासून वेगळी, विश्वस्त पद्धतीची असावी. किंग्ज प्लेसचे संगीत कार्यक्रम असेच एक प्रतिष्ठान पाहते. दुसरे म्हणजे सभागृहाच्या वापराची अट जमिनीच्या दस्तातच नोंदवलेली असावी, म्हणजे इमारत विकली गेली तरी ती अट खरेदीदारावर बंधनकारक राहील.

महाराष्ट्र आणि गोव्याचा संदर्भ

इमारतीच्या एका भागात संगीत आणि बाकी भागात इतर व्यवहार, हे मुंबईला नवे नाही. ऑपेरा हाऊस परिसरात प्रा. बी. आर. देवधर यांनी १९२५ मध्ये सुरू केलेल्या संगीत विद्यालयात मोठमोठ्या उस्तादांच्या बैठका होत. कुमार गंधर्वांचे शिक्षणही तिथेच झाले. जुहूचे पृथ्वी थिएटर (१९७८) सुमारे दोनशे आसनांचे आहे आणि लगतच्या कॅफेमुळे दिवसभर जागे असते. चार्ल्स कोरिया यांची पणजीतील कला अकादमी (१९८३) व्यापारी इमारत नाही, पण मांडवीकाठी लोकांना सहज ये-जा करता येईल असा मोकळा फॉयर कसा असावा, हे तिच्यापासून शिकावे. २०२३ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात सुरू झालेल्या नीता मुकेश अंबानी सांस्कृतिक केंद्रात मोठ्या नाट्यगृहासोबत २५० आणि १२५ आसनांच्या छोट्या जागाही आहेत. भोवती व्यापारी आणि संमेलन संकुल आहे.

पुण्यात १९६८ च्या बालगंधर्व रंगमंदिराच्या जागी अनेक सभागृहांचे नवे संकुल बांधण्याचा प्रस्ताव महापालिकेने मांडला, तेव्हा कलाकार आणि रसिकांनी जोरदार विरोध केला. त्यामागची भीती रास्त आहे. नव्या इमारतीत सभागृह आधी येईल की दुकाने, याची हमी नकाशाबरोबर कोणी देत नाही. मुंबईतील कुलाबा-सीप्झ आणि पुण्यातील शिवाजीनगर-स्वारगेट भुयारी मेट्रोमुळे मध्यवस्तीतील नव्या सभागृहांना कंपनांचा बंदोबस्त आता अनिवार्य झाला आहे. जागा ठरवण्याआधी तिथली कंपने प्रत्यक्ष मोजून घेणे, हा यापुढे पहिला टप्पा असला पाहिजे.

निष्कर्ष

यशस्वी ठरलेल्या बहुतेक उदाहरणांत निर्णयांचा क्रम सारखा दिसतो. आधी सभागृहाचे घनफळ आणि जागा ठरते, त्यानंतर पेटीचा आधार आणि यंत्रणा, मग उरलेल्या भागात कार्यालये, दुकाने आणि घरे बसवली जातात. ध्वनितज्ज्ञ आणि संरचना अभियंता वास्तुकाराबरोबर पहिल्या दिवसापासून असतात, आणि वापराची कायदेशीर हमी पाया खणण्याआधी कागदावर येते. हा क्रम उलटला की वरच्या मजल्यांचे भाडे वेळेवर मिळते, पण खाली उरते ते लग्नसमारंभ आणि सभांपुरते दालन. महापालिका, विश्वस्त संस्था आणि विकासक यांनी पुढचे प्रत्येक संकुल आखताना सभागृहाची उंची, पेटी आणि दस्त या तीन गोष्टींवर तडजोड करू नये.